नऊ जोड चपला

प्रिय ताई,

तुझं पत्र परवा मिळालं. सोमवारी दप्तरांच्या कारखान्याच्या विक्रीचे कागद व्हायचे आहेत, साक्षीदार म्हणून सही करायला ये, आणि येताना चष्मा विसरू नकोस, असं तू लिहिलंयस. ताई, मी सही करणार नाही. आणि हे पत्र शेवटपर्यंत वाचल्याशिवाय तूही कुठे सही करू नकोस. रागावलीस तरी चालेल, लहानपणी कान पिळायचीस तसा पिळ, पण आधी वाच. दोन दिवस मी भरल्या ताटावरून तसाच उठतोय. ही सारखी विचारतेय, छातीत दुखतंय का, डॉक्टरकडे जायचं का. छातीत काही नाही गं. जे झालंय ते कुठल्या डॉक्टरला दाखवायचं?

तू लिहिलं होतंस की विकत घेणाऱ्याच्या वकिलाला एक कागद हवाय, दहा माणसांच्या नियमाची छापील प्रत. म्हणजे तुझ्याकडे कधी नऊच्या वर माणसं नव्हती, म्हणून परवाना लागला नाही, हे त्याला फाइलला लावता येईल. तुझा छापखाना आहे, आण एक, असं तू म्हणालीस. मलाही बरंच वाटलं. निवृत्त होऊन चार वर्षं झाली, पण सरकारी छापखान्याच्या फाटकातून आत जायला निमित्त मिळालं की मी टुणकन उडी मारतो. इस्त्रीचा शर्ट घातला, पहारेकऱ्याने सलाम ठोकला, मी फुगलो. रेकॉर्ड रूममध्ये आता नवीन बाई आल्या आहेत. बुटक्या, चटपटीत, मी गेलो तेव्हा शिडीवर चढून गठ्ठे लावत होत्या. मी ऐटीत सांगितलं, छोट्या कारखान्यांचा नियम द्या, दहा माणसांचा. त्यांनी वरूनच विचारलं, काका, जुना हवाय की नवा? मी म्हटलं, एकच आहे हो, दहाचा. त्या हसल्या. म्हणाल्या, अहो, तो गेला की केव्हाच! सात वर्षं झाली. आता पन्नास माणसांपर्यंत परवाना लागतच नाही.

मी तिथल्या स्टुलावर बसलो तो बसलोच.

आधी मी त्यांच्यावर डाफरलो. म्हटलं, बाई, तुम्ही काल आलात, मी इथे सदतीस वर्षं काढली आहेत. त्या बिचाऱ्या मुकाट खाली उतरल्या, तिसऱ्या फळीवरून राजपत्राचा एक जाडजूड खंड ओढला, फडक्याने पुसला आणि पान उघडून माझ्या मांडीवर ठेवला. दोन पानं होती फक्त. पन्नासपेक्षा कमी माणसं असतील तर राजधानीचा परवाना नको. मालकाने एका पानाचा फॉर्म भरून जिल्ह्याच्या कचेरीत टाकायचा, पोच घ्यायची, झालं. माणूस ठेवायला किंवा काढायला कुणाची परवानगी नको. उलट आगीपासून बचावाची सोय आणि कामगारांचा विमा मात्र सगळ्यांना सक्तीचा, अगदी पाच माणसं असली तरी, आणि पन्नासच्या आतल्यांचा निम्मा हप्ता सरकार भरणार. छापल्या दिवसापासून लागू. तिसऱ्या पानावर कुठल्याशा पाणीपुरवठ्याची नोटीस सुरू होते. मी ती दोन पानं चार वेळा वाचली. बाईंनी पाणी आणून दिलं, त्यातलं निम्मं माझ्या शर्टावर सांडलं.

अगं, सात वर्षं! सात वर्षं आपण एका मेलेल्या नियमाला घाबरून जगत होतो. घरी येताना मला तुझ्या दारातल्या चपला आठवत राहिल्या. तो इन्स्पेक्टर कधी आत यायचाच नाही, कापडाच्या धुळीने त्याला शिंका यायच्या. दारात उभा राहून चपलांचे जोड मोजायचा, नऊ भरले की वहीत खूण करून पुढच्या दारात. त्यामुळे तुला त्या चपलांची केवढी ती धास्ती! शाळा सुरू व्हायच्या आधी दप्तरांची घाई असायची, तेव्हा दप्तरांना चेन लावणाऱ्या बाईची बहीण मदतीला यायची, तिच्या चपला तू पिठाच्या डब्यामागे लपवायचीस. मला, सख्ख्या भावाला, चपला हातात घेऊन आत यायला लावायचीस. एकदा मी विसरलो आणि तो नेमका दारात, तर तू खुशाल सांगितलंस की हा आमचा नळ दुरुस्त करणारा आहे. मी तासभर तुझ्या मोरीत पाना घेऊन बसलो होतो. किती हसायचो आपण त्यावर.

आणि तू तरी काय करणार होतीस? भाऊजी गेले तेव्हा पदरात चार वर्षांचं पोर आणि पुढच्या खोलीत एक मशीन, एवढंच होतं. त्यातून तू नऊ माणसं उभी केलीस. दहावं ठेवलं तर काय होतं ते कोपऱ्यावरच्या छत्रीवाल्याने दाखवून दिलं होतं. बिचाऱ्याने हिंमत केली, दहावा कारागीर ठेवला, चार प्रतींत अर्ज केला, विश्रांतीची वेगळी खोली बांधली, मागे दुसरा दरवाजा पाडला. परवाना काही येईना. तीन वर्षं राजधानीला खेटे घातले त्याने. परवाना आला तेव्हा छत्र्या शिवायला माणूस राहिला नव्हता. तेव्हापासून गल्लीने जो धसका घेतला तो घेतलाच. खोकेवाला नऊ, ब्रशवाला नऊ, पंखे भरणारा नऊ. आपल्या अख्ख्या गल्लीत नवाच्या पुढे कुणी मोजायलाच शिकलं नाही. तू मागची खोली बांधलीस मोठ्या हौसेने, आठ मशिनं मावतील अशी, आणि नंतर ती गाद्या ठेवायला भाड्याने दिलीस. मग बाजारात बाहेरच्या देशातली दप्तरं आली, निम्म्या किमतीत. तिकडे एका छपराखाली दोन दोन हजार माणसं बसतात. आपल्याकडे नऊ माणसांसाठी कुणी मोठं कापायचं यंत्र घेईल का? कुठून परवडणार? आणि मी काय म्हणायचो, आठवतंय? आपल्या लोकांच्या रक्तातच धंदा नाही म्हणून. छातीठोकपणे म्हणायचो. जीभ हासडली पाहिजे माझी.

तो नियम काही वाईट मनाने केलेला नव्हता, हेही लिहितो. मी नोकरीला लागलो त्याच वर्षी तो आला. बाजारातल्या गोदामाला आग लागून तिथे कामाला असलेल्या अकरा मुली आत अडकून गेल्या, दार एकच होतं. त्यानंतर सगळ्या गावाने मोर्चे काढले, तेव्हा कुठे नियम झाला. पण त्याने सांभाळायचं ठरवलं दहा आणि त्याच्या वरच्यांना, आणि दहा तर कुणी होऊच दिले नाहीत. मग सांभाळलं कुणाला? कात्रीवाल्या मावशीचं बोट गेलं तेव्हा कसला विमा आणि कसलं काय. तूच तिला रिक्षात घालून नेलंस आणि तूच सहा महिने घरी डबा पोचवलास. त्या दोन पानांत तिचा विमा होता, ताई. बोट गेलं ते पाच वर्षांपूर्वी. म्हणजे तेव्हाही होता.

हे सगळं वाचताना तुझ्या मनात काय आलं असेल ते मला ठाऊक आहे. तू पत्र खाली ठेवून तुझ्या पोराच्या, भुंग्याच्या फोटोकडे बघितलं असशील. बघितलंस ना? भिंतीवरचा काढला असलास तरी कपाटात आतल्या बाजूला लावलेला आहे, मला माहीत आहे. मशीनखाली बसून गुणगुणायचा म्हणून मीच त्याला भुंगा नाव ठेवलं. बाविसाव्या वर्षी त्याने ती ऑर्डर आणली, जिल्ह्यातल्या सगळ्या सरकारी शाळांची दप्तरं. तीस हजार! पोराचे डोळे कसे चमकत होते. त्याने परस्पर चार बायकांना सोमवारपासून या म्हणून सांगूनही टाकलं. तू घाबरलीस. तो म्हणाला, आई, चेनच्या ठोक दुकानात दोघे बोलत होते, नियम बदललाय, आता पन्नासपर्यंत चालतं. तू म्हणालीस, दुकानातल्या गप्पांवर मी माझी नऊ घरं पणाला लावू? मामा येऊ दे, त्याला विचारू. आणि मी आलो. तुझा वाढदिवस होता त्या दिवशी, केकचं खोकं घेऊन आलो होतो. तू मला खुर्ची दिलीस, मी खुर्चीवर बसलो नाही, कापायच्या टेबलावर चढून बसलो, सगळ्यांना दिसेन असा.

मी काय बोललो ते तुला पाठ असेल, मलाही आहे. मी म्हटलं, या राज्यातला प्रत्येक कायदा छापायच्या आधी माझ्या डोळ्यांखालून जातो, चौतीस वर्षं जातोय. असला काही कायदा आलेला नाही. पोरगं थापा मारतंय. ऑर्डर मिळवायच्या नादात आईला तुरुंगात घालील. भुंगा मला म्हणाला, मामा, तू वाचलंयस का नक्की? आणि मी नऊ माणसांच्या देखत हसलो. म्हटलं, बाळा, मी वाचल्याशिवाय ते छापतात होय? मग तू त्याच्याकडे वळलीस. तू त्याला मारलं असतंस तर बरं झालं असतं. तू एवढंच म्हणालीस की तुझे बाबा गेले पण माझ्याशी कधी खोटं बोलले नाहीत. त्या चार बायकांना सोमवारी तू दारातूनच परत पाठवलंस, आणि महिन्याभरात पोरगं देश सोडून गेलं. तुला पत्र नाही, तू पाठवलेलं परत. मी तेव्हा तुला काय सांगत होतो? जाऊ दे, गरम डोकं आहे, ठेच लागली की येईल. वर तू त्याची बाजू घेशील म्हणून मी महिन्यातून एकदा येऊन तुला पुन्हा पुन्हा पटवून जायचो की तू योग्यच केलंस.

राजपत्र बघून आलो त्या संध्याकाळी मी नुसता भडकलो होतो. सरकारला शिव्या दिल्या. कायदा करतात आणि फळीवर ठेवून देतात, दवंडी पिटायला काय झालं होतं? रेडिओवर नट्यांची लग्नं सांगतात, हे सांगता येत नाही? त्या इन्स्पेक्टरला शिव्या दिल्या. सात वर्षं चपला मोजत राहिला, त्याला माहीत नव्हतं की माहीत असून मोजत होता, कोण जाणे. मग हिला सगळं सांगितलं. ही भाजी निवडत होती. ऐकून घेतलं आणि मान वर न करता म्हणाली, ते सगळं खरं, पण सात वर्षांपूर्वी छापखान्यात शेवटचं प्रूफ कोण बघत होतं? मी म्हटलं, आम्ही पाच जण होतो, कुणाकडे गेलं असेल. ती म्हणाली, मग उद्या जाऊन बघून या ना. मला सकाळ होईपर्यंत दम निघेना.

मी प्रूफ कसं बघायचो, ते तुला कधी नीट सांगितलेलं नाही. तुला वाटायचं भाऊ कायदे वाचतो. सगळ्या नातेवाइकांना तसंच वाटायचं, आणि मी वाटू द्यायचो. शेवटचं प्रूफ आम्ही उलटं बघतो, ताई. ओळीच्या शेवटच्या शब्दापासून पहिल्या शब्दाकडे, खालच्या ओळीपासून वरच्या ओळीकडे, खाली पट्टी धरून. सुलटं वाचलं की अर्थ कळतो, आणि अर्थ कळला की डोळे पुढे धावतात, चूक निसटते. मला ज्यांनी शिकवलं ते म्हातारबुवा म्हणायचे, अर्थात शिरलास की मेलास. मी सदतीस वर्षं अर्थात शिरलो नाही. माझ्या हातून गेलेल्या पानात कधी एक मात्रा चुकली नाही, त्याबद्दल मला निरोपाच्या दिवशी घड्याळ दिलं, तू टाळ्या वाजवायला आली होतीस. पण त्या पानांत काय लिहिलं होतं म्हणून विचारशील तर मला एक ओळ सांगता येणार नाही. मी कायदा कधी वाचलाच नव्हता गं. नुसता पुसून लखलखीत करून पुढे ढकलत होतो.

काल सकाळी उघडायच्या आधीच फाटकावर जाऊन उभा राहिलो. मंजूर प्रुफं दहा वर्षं ठेवतात, सुतळीने बांधून. बाईंनी गठ्ठा काढला, मला गाठ सुटेना, त्यांनीच सोडली. तीच दोन पानं. दुसऱ्या पानाच्या तळाशी लाल शाईत 'छापण्यास हरकत नाही', आणि त्याखाली माझी सही. वळणदार, शेपटी काढलेली, तुला आवडते ती. तारीख तुझ्या वाढदिवसाच्या अकरा दिवस आधीची. एक स्वल्पविराम मी लाल शाईने दुरुस्त केला होता, नेमका 'पन्नास' या शब्दाच्या पुढचा. माझ्या पेनचं टोक त्या शब्दाला टेकलं होतं, ताई. आणि अकरा दिवसांनी मी केक घेऊन आलो, टेबलावर चढून बसलो आणि तुझ्या पोराला खोटारडा म्हणालो.

त्याने काही केलं नव्हतं. तो खरं बोलत होता. तुझा मुलगा तुझ्याशी खोटं बोलला नव्हता, आणि ते मी तुला सांगावं म्हणून हे पत्र लिहितोय, कारखान्यासाठी नाही. कारखाना ठेव नाहीतर विक, आता त्यात बोलायचं मला तोंड नाही. फक्त सोमवारी सही करायची थांब, कारण सोमवारी मी येतोय आणि त्या नऊ जणांपैकी जे असतील त्यांच्यासमोर हे सगळं मोठ्याने सांगणार आहे. मावशीलाही बोलाव. तिला तोंड कसं दाखवायचं ते मला कळत नाही, पण दाखवीन. भुंग्याला मी काल रात्रीच लिहिलं असतं, कागद पुढे घेतलाही होता. मग मनात आलं, माझ्याकडून कळलं तर तो फार तर मला माफ करील. तू खोटारडा नव्हतास, हे वाक्य त्याला माझ्या हातचं नको असणार, तुझ्या हातचं हवं असणार. तो तिकडे दप्तरांच्याच कारखान्यात आहे, दोन हजार माणसांत पट्टे शिवायला लागला होता, आता एका रांगेचा मुकादम झालाय. दरवर्षी तो मामीला चार ओळी पाठवतो, आणि शेवटच्या ओळीत विचारतो, आई बरी आहे ना? हे मी तुला सात वर्षं सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर तू विरघळली असतीस आणि माझा शब्द खोटा पडला असता. आता दे काय द्यायच्या त्या शिव्या. त्याचा आताचा पत्ता या पानाच्या मागे लिहिलाय. माझं काय करायचं ते सोमवारी ठरव, पण त्याला आजच लिही.

तुझाच, तुझ्या घरातला खरा खोटारडा,
धाकटा